खाचेच्या टोकाशी

वहिनींच्या पायातल्या स्प्लिंटला पट्टे तीन होते, रिव्हेट सहा, बाहेरच्या अंगाला ओरखडे एकोणीस, टाचेखाली झिजून खडबडीत झालेला भाग एक आणि घोट्यामागे आतल्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच एक. तडा एकही नव्हता. मी भिंगातून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं, खिडकीत धरून आरपार येणारा दुधी उजेड पाहिला, तडा नव्हता. तरीही आदल्या संध्याकाळी बाजारात, पेरूच्या गाड्यासमोर, राजेश्रीवहिनींच्या उजव्या पायातून 'टक्' असा आवाज आला होता. लहान आवाज, बोट मोडल्यासारखा. वहिनी घासाघीस करता करता मध्येच थांबल्या. "ओ मॅडम, घ्यायचे का न्हाई?" गाडेवाला म्हणाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी ऐकलं का काही?" मी म्हणाले, "काय?" "काही न्हाई," म्हणाल्या, आणि त्याने सांगितला त्या भावाने पेरू घेऊन चालायला लागल्या. आवाजापेक्षा हेच मला जास्त लागलं. माझी वहिनी कंडक्टर आहे. वर्षानुवर्षं मानवतच्या, वालूरच्या, झरीच्या गाड्यांवर साठ माणसांशी हुज्जत घातलेली बाई, आणि ती पेरूवाल्यासमोर गप्प झाली.

कंडक्टर आहे असं मी अजून म्हणते, त्याही म्हणतात. खरं म्हणजे गेल्या दिवाळीपासून त्या डेपोतल्या एका खोलीत बसून इतरांना तिकिटाची मशीन देतात आणि परत घेतात. मणक्यातली नस दबली, ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण उजवं पाऊल पुढून लोंबायला लागलं. चालताना ते जमिनीला घासू नये म्हणून पोटरीपासून बोटांपर्यंत एकसंध पांढरं प्लास्टिक, तेच हे स्प्लिंट. सोमवारी त्यांची चाचणी फेरी होती. परभणी ते झरी आणि परत, भरल्या गाडीत, उभ्याने, प्रत्येक थांब्यावर उतरून पुन्हा चढायचं. जमलं तर पुन्हा गाडी. न जमलं तर तीच खोली, रिटायर होईपर्यंत. नवं स्प्लिंट बनवणारा माणूस शिबिराला पुढच्या महिन्यात येणार होता. म्हणजे सोमवार याच प्लास्टिकवर काढायचा होता. रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी ते त्यांच्याकडून मागून घेतलं, तेव्हा त्यांनी कामून म्हणून विचारलं नाही. पट्टे सोडले आणि माझ्या हातात दिलं. आतून ते कोमट होतं.

ती कोमट जाणीव तळहाताला झाली आणि मी स्प्लिंट खाली ठेवलंच नाही. खरं सांगायचं तर ती काळजी नव्हती. मला आठवला तो लोखंडी तारेचा तुकडा, जो माझ्या भावाने, महारुद्रदादाने, मला लहानपणी दिला होता. आता तो पुण्याला कंपनीत असतो. तेव्हा तो सातवीत होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला माहीत होत्या. "वाकव," म्हणाला, "आता सरळ कर. आता वाकव. थांबू नको." तार तुटली. "आता ओठाला लाव." मी लावली आणि ओरडले. तार भाजत होती. उन्हात नव्हती, चुलीत नव्हती, माझ्याच दोन बोटांतून ती ऊब तिच्यात गेली होती, आणि नेमकी तुटली तिथेच होती. दोन बोटं अलीकडे तार थंड. ओठ पुढं दिवसभर हुळहुळत राहिला आणि मी दिवसभर जिभेने तो चाचपत राहिले. मला वाटतं मी फिजिक्सला गेले ती त्या ओठामुळे. एमएस्सीला उद्धव सरांनी प्रकल्पाचे विषय वाचून दाखवले, तेव्हा 'वारंवार वाकणाऱ्या प्लास्टिकमधले तडे उष्णतेवरून शोधणे' हे ऐकताच मी हात वर केला. बाकीची मुलं हसली, कारण वर्गात हात वर करायची पद्धत नव्हती. तत्त्व साधं आहे. प्लास्टिक वाकतं, सरळ होतं, पुन्हा वाकतं. प्रत्येक वेळी आपण घातलेल्या कष्टातला थोडा भाग परत न मिळता आतच ऊब होऊन राहतो. तडा असला की सगळं वाकणं त्याच्या टोकाशी गोळा होतं. म्हणून टोक तापतं, डोळ्यांना तडा दिसायच्या कितीतरी आधी. हे मी लिहिलं होतं, आकृती काढली होती, तोंडी परीक्षेत सांगितलं होतं. पाहिलं मात्र नव्हतं. पट्ट्या वाकवायच्या यंत्राची मोटर जळालेली होती. मी हाताने वाकवल्या, आणि उष्णतेच्या दर फोटोत माझ्या बोटांची ऊब तेवढी आली. अहवालाच्या शेवटी मी टाइप केलं होतं, 'निष्कर्ष काढता आला नाही.' त्यावर मला ए ग्रेड मिळाली.

आता कपाटात थर्मल कॅमेरा होता. मी सोलर पॅनेल तपासायचं काम करते. हजारो निळ्या चौकोनांतून जास्त तापलेला चौकोन शोधायचा आणि नंबर कळवायचा. कॅमेरा सोमवारी सकाळी ऑफिसात जमा करायचा होता. आणि बाहेरच्या खोलीत आईचं पायमशीन होतं.

"माझं मशीन?" आई म्हणाली. पार्वतीबाई म्हटलं की आमच्या गल्लीत ब्लाउज आणि पिको. "आन् त्याला काय शिवायलीस गं तू, पिलास्टिकला?"

"शिवत नाही. वाकवायचंय."

"सुई मोडंल."

"सुई काढते."

"पट्टा तुटंल."

"आई."

"कर बाई. लग्नाच्या पोरी ओढण्याला पिको करून घ्यायल्यात, ही पाय शिवायली."

मी चाकाच्या आऱ्याला एक लाकडी पट्टी तारेने अशी बांधली की चाक फिरलं की पट्टी पुढंमागं व्हावी. पट्टीचं दुसरं टोक स्प्लिंटच्या बोटांकडच्या भागाला. पोटरीकडचा भाग टेबलाला शिकंजा लावून आवळला. चाकाच्या दर फेऱ्याला घोटा एकदा वाकणार, साधारण तेवढाच जेवढा बसमध्ये उभं राहिलेल्या माणसाचा वाकतो. वहिनी खुर्चीत बसून पाहत होत्या, उजवा पाय उघडा, समोर पसरलेला. कॅमेरा चालू झाला की नाही ते बघायला मी तो सहज वळवला आणि त्यांचे दोन पाय पडद्यावर आले. डावा पिवळा-नारिंगी, बोटांपर्यंत भरलेला. उजवा घोट्यापर्यंत पिवळा, तिथून पुढं जांभळा होत होत बोटं जवळजवळ काळी. जणू तो पाय तिथं संपत होता. मी कॅमेरा झटकन भिंतीकडं केला.

"दावा की," वहिनी म्हणाल्या. "लपवायलात कामून?"

"काही नाही, सेटिंग."

"वन्सं, दहा वर्षं म्या बिनतिकीट माणसं पकडली. तोंडावरून कळतंय. दावा."

मी दाखवलं. त्या पडद्याजवळ झुकल्या. मग पायाची बोटं हलवायचा प्रयत्न केला. अंगठा किंचित हलला आणि पडद्यावरचा काळा ठिपका किंचित हलला. "हाय की," म्हणाल्या. "जागेवर हाय. थंडी वाजायली त्याला, एवढंच." आणि हसल्या. मला त्या पहिल्यांदा दिसल्या होत्या तेव्हाचं आठवलं. मी अकरावीत, मानवतहून येणारी गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि मागून कुठूनतरी बारीक घुंगरांचा आवाज येत होता. खाकी कपडे, आणि पायात पैंजण. गाडी खड्ड्यातून जायची तेव्हा आम्ही सगळे एकमेकांवर कोसळायचो आणि ही बाई कशालाही न धरता मधोमध उभी, गुडघे सैल, घोटे सैल, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला खालूनच उत्तर देत. मी घरी येऊन दादाला सांगितलं होतं की एक कंडक्टर आहे, ती गाडीत उभी राहते म्हणजे गाडीच तिच्याभोवती हलते. दादा दुसऱ्या आठवड्यापासून कारण नसताना मानवतला जायला लागला.

पहिला फोटो वाया गेला. स्प्लिंटच्या आत अख्खं पाऊल उमटलेलं होतं, टाच, चवडा, पोटरी, सगळं उबेचं, माणूस नसलेलं पाऊल. ते निवायची वाट पाहावी लागली. मी पंखा बंद केला, खिडकीचा पडदा ओढला, आईला स्वयंपाकघराचं दार लावायला सांगितलं. "फोडणी द्यायची न्हाई का मी?" "अर्धा तास." "फोडणीचा ताप लागतो व्हय तुझ्या कॅमेऱ्याला? लय नाजूक हाय." मग पेडल कुणी मारायचं हा प्रश्न आला. मला पडद्यासमोरून हलता येत नव्हतं. आईचे गुडघे दुखतात. वहिनींनी खुर्ची पुढं ओढली, डावा पाय पेडलवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तर माझाच हाय ना. ह्याला काय झालंय?"

चाक फिरलं. पट्टी पुढंमागं, पांढरा घोटा वाकतोय, सरळ होतोय, वाकतोय. आणि थोड्याच वेळात आवाज आला. टक्. टक्. टक्. वहिनींचा चेहरा ताठ झाला, पण पाय थांबला नाही. पडद्यावर वरच्या बाजूला एक उजळ डाग होता. मी नीट बघायला पुढं झुकले तर डागही झुकला. माझंच तोंड, गुळगुळीत प्लास्टिकमधून मलाच परत दिसत होतं. कॅमेरा तिरका केला. डाग गेला. मग दुसरा दिसला, वरून तिसऱ्या रिव्हेटपाशी, पसरट, कडा मऊ. बाजूच्यापेक्षा आठ दशांश अंश जास्त. मी तिथं बोट दाबलं आणि टक् बंद झालं. बोट उचललं, टक्. रिव्हेट सैल झालं होतं, पट्ट्याची चकती प्लास्टिकवर घासत होती. घासण्याची ऊब. एवढंच. मी ते सांगितलं.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"एवढंच. रिव्हेट आवळलं की झालं."

आईने दाराकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "आता फोडणी देऊ का?" आणि वहिनींच्या पायाला जी गती आली ती मी पाहिली. पेडल थांबवायला हवं होतं, कारण काम झालं होतं, पण त्यांना आनंद झाला होता आणि आनंदात त्या चाक अधिकच जोरात फिरवत होत्या. मीही थांबवलं नाही. का नाही थांबवलं, ते मला माहीत आहे. मला तडा हवा होता. हे मी त्या क्षणी शब्दांत म्हटलं नाही, पण माझे डोळे पडद्यावरून हलत नव्हते, आणि ते रिव्हेटकडं बघत नव्हते. ते कडेकडं बघत होते, घोट्यामागे, जिथं वाकणं सगळ्यात जास्त असतं. बाहेरची कड एकसारखी निळसर. आतली कड एकसारखी निळसर. मग आतल्या कडेवर एक जागा निळसर राहिली नाही. टाचणीच्या डोक्याएवढी. आधी मला वाटलं पडद्यावर धूळ आहे. पुसली. ती वाढत होती, पसरत नव्हती, फक्त उजळ होत होती, हिरवी, पिवळी, आणि तिचा आकार लांबट होता, खाचेच्या टोकापासून आत प्लास्टिकमध्ये शिरलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, नेमका माझ्या आकृतीतल्यासारखा. पाच दशांश. नऊ. एक अंश सहा. दोन अंश तीन. माझ्या ओठाला ती तार लागली. "आला!" मी ओरडले. "आला, आला, बघा, आई, आला!" मी उड्या मारत होते. टेबल हललं, चाक थांबलं. मी वळले तेव्हा दोघी माझ्याकडं बघत होत्या, पाळण्यातल्या मुलाचं नाव ऐकायला थांबल्यासारख्या, हसऱ्या.

"काय आलं?" वहिनींनी विचारलं.

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या समोर होतं आणि ते त्यांच्या घोट्यात होतं. आनंद लगेच गेला असं मी म्हणणार नाही. तो गेला नाही. तो होता तिथंच राहिला, छातीत धडधडत, आणि त्याच्या शेजारी भीती येऊन बसली. मी म्हणाले, "तडा आहे. दिसत नाही अजून. पण आहे."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. खाचेवर.

ती खाच आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. स्प्लिंट आलं त्या दिवशी वहिनी ते घालून अंगणात तीन चकरा मारून आल्या. आई त्यांच्या पायाकडं बघत होती. "आन् पैंजण?" म्हणाली. प्लास्टिक घोट्यावर इतकं घट्ट बसायचं की आतून पैंजण रुतायचं आणि बाहेरून घालायला पुरायचं नाही. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या आत्याबाई, एकाच पायात घालीन." त्यावर आई जी उठली ती सुरी गॅसवर लाल करूनच आली. तिने कापड बेतावं तसं पेनाने आखलं आणि कडेला दोन तिरके काप दिले. जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस गेला नाही. पैंजण खाचेत नीट बसलं. वहिनी चालल्या तेव्हा दोन्ही पायांतून वाजलं, आणि हसतेय की रडतेय ते कळणार नाही असं तोंड करून त्या पुन्हा अंगणात गेल्या. आम्ही आईचं लय कौतुक केलं. मीही केलं. टोकदार कोपऱ्यात ताण गोळा होतो हे मी लिहून ए ग्रेड घेतली होती, आणि त्या दिवशी मला फक्त घुंगरं ऐकू आली.

आई पडद्याजवळ आली. तिला रंग कळत नव्हते, पण जागा कळली. "ही माझी खाच," म्हणाली. "म्हंजी म्याच मोडलं?"

"मोडलं नाही अजून."

"मोडायलंय की." तिने पदर तोंडाला लावला. "मला वाटलं बायकूमाणसाचा पाय मुका नगं."

"आत्याबाई," वहिनी म्हणाल्या, "तुमी खाच पाडली म्हणून मी वर्षभर चालले. मुक्या पायानं मी दारातबी गेले नसते. रडू नगा, आधी इंजिनियरला बोलू द्या." मी इंजिनियर नाही हे त्यांना माहीत आहे; त्या मला रागात इंजिनियर म्हणतात. "वन्सं. वाढंल का हे?"

"वाढेल."

"उद्याच्याला तुटंल?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हणू नका. झरीच्या पुढं गाडीत किती गर्दी असते ठाव हाय. मी पडले तर एकटी पडत न्हाई, कुणाच्या तरी लेकरावर पडते."

मी त्यांना सांगितलं की एक करता येतं. तड्याच्या टोकाला गोल भोक पाडायचं. टोक टोकदार असतं म्हणून ताण तिथं जमतो. गोल केलं की तो सगळीकडून वाटला जातो आणि तडा पुढं सरकायचा थांबतो. पण भोक नेमकं टोकावर पडलं पाहिजे, अलीकडे पडलं तर उपयोग नाही, आणि ते टोक डोळ्यांना दिसत नाही. "तुमच्या कॅमेऱ्याला दिसतंय ना?" "दिसतंय." "मंग?" "मग पुन्हा चालवून बघायचं. ऊब गेली तर तडा थांबला." त्या म्हणाल्या, "किती आली तर जायचं आन् किती आली तर न्हाई जायचं? आकडा सांगा. नंतर भाव करायचा न्हाई." प्रयोगाआधी मर्यादा ठरवायची, हे मला दोन वर्षं शिकवलं गेलं होतं, कुणी माझ्याकडून ती अशी मागितली नव्हती. भोक असलं तरी थोडी ऊब राहणारच. मी मनात हिशेब केला, तो दोनदा केला. "अर्धा अंश. अर्धा तास चालवल्यावर दोन्ही कडांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला तर नाही."

"जास्त आला तर मी सोताच डेपोत फोन करते, आन् बसते त्या खोलीत. तुमी तुमच्या दादाला काही सांगायचं न्हाई, आत्याबाईंनी रडायचं न्हाई." त्यांनी डावा पाय पेडलवर ठेवला. "कुठं पाडायचं भोक, ते काढा."

चाक पुन्हा फिरलं. ठिपका पुन्हा आला, त्याच जागी, आणि मी शिवणखडूने त्याच्या आतल्या टोकावर खूण केली. पहिली खूण किंचित अलीकडे पडली, पुसून पुन्हा केली. पॅनेलच्या कामाच्या पेटीत ड्रिल होतं. आईने स्प्लिंट दोन्ही हातांनी, मांडीवर ब्लाउज धरावा तसं, धरलं. "हळू," म्हणाली, "जाळू नको, मी जाळलं तेवढं पुरे." मी हळूहळू, थांबत थांबत भोक पाडलं, प्लास्टिकच्या पांढऱ्या वेटोळ्या निघाल्या, भोकाची कड आणि खाचेचे कोपरे बारीक पॉलिश कागदाने घासून गोल केले, रिव्हेट आवळलं. मग निवू दिलं. बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, आणि वहिनी टेबलावरच्या खडूकडं बघत हळू आवाजात थांबे म्हणत होत्या, झरीपर्यंतचे सगळे, आणि परत उलटे.

शिकंजा आवळला. पडदा ओढला. आईने न सांगता स्वयंपाकघराचं दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. वहिनींनी पेडल मारायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या डाव्या पायातलं पैंजण वाजायला लागलं, आणि आता टक् नव्हतं, म्हणून ते स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या छातीत ते धडधडणं पूर्वीचंच होतं, पण ते आता काय मागत होतं ते मला कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पडद्यावर काहीही दिसायला नको होतं, आणि तरी मी इतक्या उत्सुकतेने त्याकडं बघत होते की डोळ्यांत पाणी आलं. "बोला की," वहिनी म्हणाल्या. "थांबू नका," मी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि कशालाही न धरता, पाठ ताठ ठेवून, चाक फिरवत राहिल्या. ठरवलेला अर्धा तास झाला. मी हात वर केला. चाक थांबायच्या आत पडद्यावर दोन्ही कडांवर खूण ठेवली आणि मोठ्याने वाचलं.

बाहेरची कड, पंचवीस अंश एक दशांश. आतली कड, भोकापाशी, पंचवीस अंश तीन दशांश.